झुंबराखालची पेस्टी

ट्रेव्हॅरोबाई तरुण असत्या, देखण्या असत्या, तर माझं काम सोपं झालं असतं. गावातल्या बायकांनी मला जवळ घेतलं असतं, चर्चमधल्या पाद्रीबुवांनी चार शब्द सांगितले असते, आणि मीही चारचौघींसारखी रडून मोकळी झाले असते. पण शाळेत गाणं शिकवणाऱ्या ट्रेव्हॅरोबाई साठीला टेकलेल्या. अंगाने अशा की शाळेच्या पियानोसमोर बसल्या म्हणजे पियानो खेळण्यातला वाटायचा. हनुवटीवर दोन राठ केस. आवाज असा की सुपीरियर सरोवरावरचा धुक्याचा भोंगा बंद पडला असता तरी बोटींचं काही अडलं नसतं. अशा बाईवर जळायचं तर सांगायचं कुणाला?

पण मी जळत होते. आता रेइनोही नाही आणि ट्रेव्हॅरोबाईही नाहीत. ती शाळासुद्धा पाडून तिथे दवाखाना झाला. तरी त्या वर्षीचा माझा जळफळाट मला जसाच्या तसा आठवतो, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

रेइनो माझा नवरा. तांब्याच्या खाणीत तो दोरवाला होता. माणसं खाली उतरवायचा पिंजरा ज्या तारेच्या दोरावर लटकतो, तो दोर रोज नजरेखालून घालायचा, तुटकी तार बोटांनी शोधायची, दोर जुना झाला की नवा चढवायचा, हे त्याचं काम. आमच्या गावात दोरवाल्याला डॉक्टरच्या खालोखाल मान होता. मग संप झाला, आणि संपानंतर कंपनीने खाणच बंद केली. पंप थांबवले. खाण पाण्याने भरली आणि रेइनो घरी येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसला.

बसला तो दोन हिवाळे बसला. पन्नाशीसुद्धा न गाठलेला माणूस. मी काय काय करून पाहिलं नाही? वेलदोड्याचा गोड पाव भाजून पुढ्यात ठेवला. रागावले. रडले. माझ्या भावाला डेट्रॉइटला पत्र टाकून मोटारींच्या कारखान्यात त्याच्यासाठी जागा बघायला लावली. रेइनो म्हणायचा, "बघू." दोन वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात लांबलचक उत्तर ते. त्याच्याशी मोठ्याने बोलायचंही मी सोडून दिलं होतं. आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं बोलायची. "कॉफी देऊ का रे?" "ऊन आलंय, जरा बाहेर बसतोस का?" सगळं गावच त्याच्याशी तसं बोलत होतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी चर्चच्या विक्रीला गेले होते. परत आले तर खुर्ची रिकामी. कोट नाही, बूट नाहीत. माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही. मी तशीच, डोक्याला रुमाल न बांधता, जुन्या खाणीच्या रस्त्याने पळत सुटले. वाटेत शेजारीण सायमा भेटली.

"अगं हिल्मा, कुणाच्या घराला आग लागलीय?"

"रेइनोला पाहिलंस का?"

"पाहिलं की. शाळेकडे चालला होता. हातात मोजपट्टी होती. मी हाक मारली तर म्हणतो कसा, वेळ नाही!"

संध्याकाळी तो आला. खांद्यावर बर्फ, नाक लाल. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "शाळेच्या स्टेजवरचं छत बघून आलो. लोखंडी तुळया चांगल्या आहेत. पण पडदे टांगायचा जो आडवा लाकडी दांडा आहे ना, त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

माझ्या हातातला डाव भांड्यातच राहिला.

"तुला काय करायचंय त्या दांड्याचं?"

"झुंबर टांगायचंय. मुलांचं संगीत नाटक आहे ना, त्यासाठी."

"कुणी सांगितलं तुला?"

"ट्रेव्हॅरोबाई आल्या होत्या. तू नव्हतीस तेव्हा."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? झुंबर पाहिजे म्हणाल्या."

बस्स. मी दोन वर्षं बोलून बोलून घसा कोरडा केला, आणि ती बाई अर्ध्या दुपारी येऊन एवढंच म्हणाली आणि हा उठून मोजपट्टी घेऊन गेला? मी नाही विश्वास ठेवला. तिने आणखी काहीतरी म्हटलं असणार. असं काहीतरी, जे मला म्हणता आलं नव्हतं. ते काय, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. भांडी घासताना मी ट्रेव्हॅरोबाईंची वाक्यं रचून बघायची. त्यांच्या आवाजात. एकही मला पटायचं नाही.

त्या वर्षीच्या नाटकात राजवाडा होता. दुसऱ्या अंकात राजाच्या घरी नाच, आणि नाच रंगात आला की वरून उजळलेलं झुंबर हळूहळू खाली येणार, मुलामुलींच्या डोक्यांच्या थोडं वर थांबणार आणि गाणं संपलं की परत वर जाणार. ट्रेव्हॅरोबाईंनी हे मनावर घेतलं होतं. मुख्याध्यापक मात्र नाही म्हणून बसले होते, कारण आदल्या वर्षी पुठ्ठ्याचा चंद्र सुटून थेट प्रधानजींच्या अंगावर आला होता. प्रधानजीला लागलं नाही, तो फक्त संवाद विसरला. पण आता डोक्यावर टांगायचं ते जाणत्या माणसाने टांगायचं, नाही तर टांगायचंच नाही, असं ठरलं होतं.

नाटकाचे कपडे दर वर्षी मीच शिवायची. शिवणाची खोली स्टेजच्या मागे, मध्ये एक लाकडी भिंत. म्हणजे रेइनोचं सगळं मला ऐकू यायचं. घरी मुका असलेला माझा नवरा भिंतीपलीकडे बोलत होता.

एकदा ट्रेव्हॅरोबाई धापा टाकत आल्या. "मिस्टर केटोला! हे बघा मी काय मिळवलंय! खाणीच्या साहेबांचा बंगला पाडताहेत ना, त्यातल्या जुन्या झुंबराचे लोलक. खरी काच! एक खोकं भरून!"

"सुंदर आहेत," रेइनो म्हणाला.

"लावायचे ना?"

"नाही."

"अहो, पण ही चमक..."

"बाई, काच मलाही आवडते. कपाटात. मुलांच्या डोक्यावर काच जाणार नाही."

"मग चमकणार काय?"

"शाम्पूच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. पारदर्शक. कापून थेंबाच्या आकाराचे तुकडे करू, मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवू. दिवे नाताळच्या झाडाचे, बारीक. पाचव्या रांगेतून तुम्हाला फरक कळला तर मी माझी टोपी खाईन."

मी मशीन थांबवून वाट बघत होते. आता बाई रुसणार, भांडणार. त्यांच्यापुढे मुख्याध्यापकांचीसुद्धा बोबडी वळायची. पण बाई म्हणाल्या, "बरं. खोकं घरी नेते."

एका शब्दात ऐकलं! आणि मग दोघं हसले. कशाला हसले कोण जाणे.

झुंबराचा सांगाडा त्याने सायकलींच्या तीन रिंगांचा केला. मोठी, मधली, लहान. रिंगा हलक्या, अॅल्युमिनियमच्या. त्यांना सोनेरी रंग. आणि वर दोन दोर. तारेचेच, पण बारीक. दोन्ही दोर दोन वेगळ्या तुळयांवरच्या कप्प्यांवरून सोडलेले. गाणाऱ्या मुलांपैकी एकीने विचारलं, "मिस्टर केटोला, हा दुसरा दोर ढिला का ठेवलाय? हा तर काहीच करत नाही."

"एक दोर काम करतो, दुसरा वाट बघतो," भिंतीपलीकडून रेइनोचा आवाज आला. "पहिला तुटला तर दुसऱ्याने धरायचं. आणि लक्षात ठेव, काम करणाऱ्यापेक्षा वाट बघणाऱ्याला जास्त तपासायचं. काम करणारा बिघडला तर कळतं. वाट बघणारा आतून गंजला तरी कुणाला पत्ता लागत नाही."

मी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून तशीच बसले. घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "आज काय केलंस?" तर म्हणाला, "दोर बांधला."

मग एक दिवस त्याने झुंबराच्या जागी बटाट्यांची पोती टांगली. झुंबराच्या कितीतरी पट वजन. रात्रभर पोती स्टेजवर लोंबकळत ठेवली आणि सकाळी येऊन दोराची गाठ न् गाठ बघितली. ट्रेव्हॅरोबाईंनी त्या पोत्यांसमोर मुलांकडून दुसऱ्या अंकाचं सगळं गाणं म्हणवून घेतलं. मला कॉरिडॉरमध्ये गाठून त्या म्हणाल्या, "मिसेस केटोला, तुमचे यजमान म्हणजे रत्न आहेत हो, रत्न!"

जसं काही मी अडगळीत टाकलेली वस्तू त्यांनी शोधून पुसून काढली होती.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"नाही, पण खरंच!"

"ट्रेव्हॅरोबाई, मला माहीत आहे."

शनिवारी संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे सौना, म्हणजे आम्हा फिनिश लोकांची वाफेची न्हाणी, तापवली. वाफेत बसलो असताना रेइनो काहीतरी गुणगुणायला लागला. आधी मला कळेना, मग ओळखलं. नाचाचं गाणं. ट्रेव्हॅरोबाई मुलांकडून घोकून घेत होत्या ते. वीस वर्षांत मी या माणसाला चर्चमध्येसुद्धा तोंड उघडताना पाहिलं नव्हतं. मी तापलेल्या दगडांवर इतकं पाणी ओतलं की तो खोकत बाहेर पळाला.

"अगं, मारतेस की काय!"

"गाणं बंद झालं ना? मग झालं तर."

सायमाला मी शेवटी सांगून टाकलं. ती कॉफीचा कप तोंडाला लावून बसली होती.

"रेइनो दुसऱ्या बाईच्या नादी लागलाय."

तिने कप खाली ठेवला. "कोण गं ती मेली?"

"ट्रेव्हॅरोबाई."

सायमा इतकी हसली की तिला उठून सिंकपाशी जावं लागलं. "अगं, तिच्याबरोबर पळून जायचं तर दोन फेऱ्या माराव्या लागतील गाडीच्या!"

"हस तू."

"अगं पण तो उठलाय हिल्मा! खुर्चीतून उठलाय! तुला हेच हवं होतं ना?"

हवं होतं. मला हवं होतं की तो उठावा. पण माझ्यामुळे उठावा. तिच्यामुळे नाही. हे मी सायमाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती पुन्हा हसली असती.

आता खाणीची एक रीत सांगायला हवी. नवा दोर चढवला की त्यावरून माणसं उतरवायच्या आधी ज्याने दोर बांधला तो स्वतः पिंजऱ्यात बसायचा. त्याच्याबरोबर पाळीचा मुख्य, कारण त्याची माणसं रोज त्या दोरावर जायची. दोघं खालपर्यंत जाऊन डबा खायचे आणि वर यायचे. मगच इतरांनी पाय ठेवायचा. रेइनोने तीच रीत शाळेत आणली. झुंबर चढलं, दिवे लागले, आणि त्याने सांगितलं, मुलं खाली नाचायच्या आधी मी खाली बसून जेवणार.

"आणि पाळीचा मुख्य कोण?" मुख्याध्यापकांनी गमतीने विचारलं.

"मुलं कुणाची?" ट्रेव्हॅरोबाई म्हणाल्या. "माझी. मीच मुख्य." आणि पियानोचं बाक ओढत स्टेजच्या मधोमध नेलं.

मी दारात उभी होते. त्याचा डबा माझ्या हातात होता. सकाळी उठून पेस्टी केली होती. मांस, बटाटा, कांदा, सलगम, आणि माझ्या आईच्या पद्धतीने गाजर. करंजीसारखी दुमडून भाजायची, आणि एका टोकाला कणकेचं अक्षर चिकटवायचं. रेइनोचं आर. खाणीत सगळ्यांच्या पेस्टी एकत्र गरम व्हायच्या, म्हणून हे अक्षर. आणि खाताना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची, म्हणजे उरलेला तुकडा कुणाचा ते कळतं. अक्षराचं टोक शेवटी, आणि ज्याचं त्यानेच खायचं.

मी डबा नेऊन दिला. तिसरी खुर्ची कुणी मांडली नाही. मी परत दाराशी आले.

रेइनोने पेस्टी मधोमध मोडली. एक अर्धी बाईंना दिली. अक्षराची.

मला वाटलं, आता त्या म्हणतील, अहो ही तुमची. त्या तर इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या रक्ताच्या. पेस्टी या गावात आणली तीच त्यांच्या लोकांनी. अक्षर म्हणजे काय हे त्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पण बाईंनी वर झुंबराकडे बघत बघत अक्षराच्या टोकालाच चावा घेतला. आर गेला.

"मिसेस केटोलांचा हात चांगला आहे," त्या तोंडात घास असताना म्हणाल्या. तो आवाज, दारापर्यंत काय, रस्त्यापर्यंत गेला असेल. "पण गाजर? पेस्टीत गाजर? माझी आजी थडग्यात उठून बसेल!"

आणि रेइनो, ज्याने लग्न झाल्यापासून ते गाजर खाल्लं होतं, तो म्हणाला, "हिल्माच्या आईचं खूळ आहे ते."

झुंबर त्यांच्या डोक्यावर उजळून खाली आलं, थांबलं, वर गेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. पाचव्या रांगेतून काय, पहिल्या रांगेतूनही कुणी प्लॅस्टिक म्हटलं नसतं. म्हणूनच मला ते बघवेना.

रंगीत तालमीच्या दिवशी मुलींनी मी शिवलेले पांढरे झगे घातले. सगळे दिवे लागले. वरचे मोठे दिवे पहिल्यांदाच इतका वेळ जळत होते, स्टेजवर भट्टी झाली होती. दुसरा अंक झाला, नाच झाला, मुली धावत शिवणाच्या खोलीत आल्या. त्यातली एक रडवेली. "मिसेस केटोला, हे बघा ना काय झालं!"

तिच्या खांद्यावर काळपट तपकिरी डाग. वाटाण्याएवढा. दुसरीच्या पाठीवर एक. तिसरीचा पाय स्टेजवर कशावरून तरी घसरला होता, ती घोटा चोळत होती.

मी डागाला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. वीस वर्षं मी तो वास धुतला होता. शर्टांतून, विजारींतून, उशीच्या अभ्र्यांतून. दोराचं ग्रीस. खाणीत दोर ओला व्हायचा, गंजायचा, म्हणून दोरवाला दोराला ग्रीस पाजायचा. रेइनोने इथेही तेच केलं होतं. हात सवयीने गेला होता. कोरड्या शाळेत, तापलेल्या दिव्यांखाली, ग्रीस वितळून टिपकत होतं.

मी झगा हातात घेऊन स्टेजवर गेले. ट्रेव्हॅरोबाई तिथेच होत्या. मुख्याध्यापक, रेइनो, पाचसहा मुलं. बाईंनी डाग पाहिला, रेइनोकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. मी शपथेवर सांगते, त्यांच्या लक्षात आलं. कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"काही नाही हो, पियानोच्या चाकांना तेल घातलंय कालच, तेच लागलं असेल. मिसेस केटोला, धुतलं की जाईल. नाही का?"

आणि मला डोळ्याने खूण केली.

त्या मला खूण करत होत्या. माझ्या नवऱ्याला सांभाळायला. माझ्या नवऱ्याला कसं सांभाळायचं ते मला शिकवत होत्या! त्याला सांगितलं तर काय होईल ते मला कळत होतं. दोन वर्षांनी केलेलं पहिलं काम, आणि त्यातच खोट. तो घरी येईल, खुर्चीत बसेल, आणि या वेळी उठणार नाही. गप्प बसावं, रात्रीत गुपचूप कुणाकडून तरी दोर पुसून घ्यावा, हे मलाही सुचलं. पण मग ते बाईंच्या मनाप्रमाणे झालं असतं.

"पियानोचं तेल नाही ते," मी म्हटलं. "रेइनो, तुझं ग्रीस आहे हे. दोर टिपकतोय. मुलींच्या अंगावर टिपकतोय, जमिनीवर टिपकतोय, आणि एक पोर घसरून पडली. नाटकाच्या दिवशी खालचा सगळा नाच आडवा होईल. तू शाळेत दोर लावलायस, खाणीत नाही!"

मी ओरडले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. एक मुलगा हळूच पडद्यामागे सरकला.

रेइनोने माझ्या हातातून झगा घेतला. वास घेतला. वर बघितलं. मग खाली फरशीवर बसून बोटाने एक थेंब शोधला. मी त्याच्या मानेकडे बघत होते. ती पुन्हा खुर्चीतली मान होईल, याची मला भीती होती.

आणि तो हसायला लागला. खांदे हलेपर्यंत.

"आईशप्पथ! पाजलं की मी ग्रीस! भरपूर पाजलं! दोर कोरडा ठेवायचा म्हणजे वाइनो लाहतीचं काम, मी कसा ठेवीन?"

वाइनो हा खाणीतल्या दुसऱ्या पिंजऱ्यावरचा दोरवाला. आळशी म्हणून रेइनो त्याला तोंडावर हिणवायचा. दोघांचं कधीच पटलं नाही.

"तुला सांगायला कुणीच नव्हतं का रे?" मी अजून रागातच होते.

"दोन वर्षं झाली, मला कुणी काही सांगतंय कुठे?" तो उठत म्हणाला. "सगळी आपली हळूच बोलतात. चल, रॉकेल आण. तुला माहीत आहे हे कशाने निघतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी दोर उतरवले आणि शाळेच्या मागच्या अंगणात, बर्फात, दोन लाकडी घोड्यांवर पसरले. मी रॉकेलच्या फडक्याने पुसत गेले, तो मागून कोरड्या फडक्याने. तारेच्या पिळात अडकलेलं ग्रीस कसं काढायचं ते त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, हे त्याने दोनदा कबूल केलं. ट्रेव्हॅरोबाई खिडकीतून विचारत होत्या, "मी येऊ का मदतीला?" मी म्हटलं, "नको, तुमचे हात खराब होतील." रॉकेलचा वास पुरता उडेपर्यंत दोर वाऱ्यावर ठेवले. मग रेइनोने ते पुन्हा चढवले, दोर धरणारे क्लॅम्प पुन्हा आवळले, बटाट्यांची पोती पुन्हा टांगली. काहीही सोडलं नाही.

आणि दोर नव्याने चढवला म्हणजे रीतही नव्याने.

ट्रेव्हॅरोबाई पियानोचं बाक ओढायला लागल्या. रेइनोने बाकावर हात ठेवला.

"बाई, या वेळी नाही. ज्यांनी दोराला हात लावला, त्यांनी बसायचं. हिल्मा, ये इकडे."

"पण मुलं माझी आहेत," बाई म्हणाल्या.

"मुलं तुमचीच. दोर आमचा."

बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. एवढी मोठी बाई, पण दाराच्या चौकटीत अगदी आकसल्यासारखी दिसत होती. त्या आमच्याकडे बघत होत्या, आणि हसायचा प्रयत्न करत होत्या, आणि ते जमत नव्हतं. ते तोंड मी ओळखलं. पहिल्या जेवणाच्या वेळी मी तेच तोंड घेऊन त्याच दारात उभी होते. मला फार बरं वाटलं. नंतर कुणी तरी मला विचारलं की वाईट नाही का वाटलं? नाही वाटलं.

दिवे लागले. झुंबर हळूहळू खाली यायला लागलं. प्लॅस्टिकचे थेंब एकमेकांवर किणकिणत होते, काचेसारखं नाही, पण पावाच्या पिशवीत हात घातल्यावर होतो तसा काहीसा आवाज. रेइनो मान वर करून दोरांकडे बघत होता. तो इतका खूश होता की आता विचारलं तर सांगेल असं मला वाटलं.

"रेइनो, ती तुला काय म्हणाली होती?"

"कोण?"

"ती. त्या दुपारी. घरी आली तेव्हा."

"अजून तेच का तुझं?"

"सांग."

त्याने दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस. ती माझ्याकडे आलीच नव्हती. पत्ता विचारायला आली होती."

"कुणाचा?"

"वाइनोचा."

"त्या वाइनो लाहतीचा?" मी म्हटलं.

"म्हणाली," रेइनो सांगत होता, आणि त्याची मान अजून वरच होती, "म्हणाली, दोरातलं वाइनो लाहतीएवढं कुणालाच कळत नाही असं ऐकलंय, तो कुठे राहतो सांगता का? मला! माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून!"

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, वाइनो मेला."

"रेइनो! वाइनो तर परवा बँकेत भेटला होता!"

"त्या बाईला कुठे माहीत? मी मोजपट्टी घेतली आणि निघालो."

झुंबर आमच्या डोक्यांच्या थोडं वर येऊन थांबलं. मी हसायला लागले. मला आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. दारातून ट्रेव्हॅरोबाईंनी विचारलं, "काय झालं? काय झालं हो? मला तरी सांगा!"

आम्ही सांगितलं नाही. मी सगळं करून पाहिलं होतं, कॉफी, गोड पाव, रडणं, देव, डेट्रॉइट. वाइनोचं नाव काढायचं तेवढं माझ्या मनात कधी आलं नाही. आणि त्या बाईला ते सुचलं, तेही काही न ठरवता, चुकून, पत्ता विचारताना. हसता हसता माझ्या पोटात यानेही दुखलंच.